नव्वदीची कोंडाबाई आणि माझी साखर

२ नोव्हेंबर, रविवार

कोंडाबाई जिवंत आहे!

आधी एवढंच लिहून टाकलं. आता नीट लिहिते. आंबडमाळची सुईण कोंडाबाई. मी तिला केव्हाच गेलेली धरून चालले होते. ती जिवंत आहे, आणि डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन डोंगर उतरते आहे!

झालं असं. रत्नदीपला सुट्टी होती. तृप्ती म्हणाली, आईंना जरा फिरवून आणू, घरात बसून बसून सुकल्यात. सून असावी तर अशी. भूगावहून निघालो, पौड मागे टाकलं, धरणाच्या कडेकडेनं ताम्हिणीकडे. वाटेत चहाला थांबलो. ते दोघं टपरीवर, मी गाडीतच. गुडघे! समोरच्या पायवाटेनं एक काटकुळी म्हातारी उतरली, मोळी धाडकन खाली टाकली आणि टपरीवाल्याशी भावावरून भांडायला लागली. आवाज ऐकला आणि माझ्या अंगावर काटा आला. किती बाळंतपणांत हा आवाज माझ्या शेजारी होता — ‘दम धर बाय, आता कळ दे!’

काच खाली केली. म्हटलं, "कोंडाबाई?"

ती जवळ आली. डोळे बारीक केले. "शिस्टर? आनुसया शिस्टर? आगं, किती म्हातारी झालीस गं तू!"

ती मला म्हणाली! मी बहात्तरची. नोकरीला लागले तेव्हा बावीसची होते, आणि हिच्या मांडीवर तेव्हाच थोरला नातू होता. म्हणजे आज ही नव्वदीला टेकलेली, मागंपुढं एखाद-दोन वर्षं. दात बरेचसे जागेवर. पाठ ताठ. टपरीवाल्यानं शेवटी तिचाच भाव मान्य केला.

निघताना म्हणाली, "येक डाव वर ये की. अजून हाये तंवर." हे ती स्वतःबद्दल म्हणाली की माझ्याबद्दल, कळलं नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

डॉक्टरकडे. साखर पुन्हा वर. "आजी, जानेवारीपासून इन्सुलिन सुरू करावं लागेल. आता गोळ्यांना दाद देत नाही."

अर्ध्या तालुक्याला मी सुया टोचल्या. आता रोज स्वतःला! टोचण्याची भीती नाही. भीती वेगळीच आहे. साहेब — माझे जयवंतराव — असेच एकेक पायरी उतरत गेले. आधी गोळ्या, मग इन्सुलिन, मग डोळे, मग पाय. मी नर्स, आणि नुसती बघत राहिले.

घरी आल्यावर बाल्कनीत बसले. सातवा मजला. समोर नवी इमारत उठते आहे, तिचाही सातवा मजला माझ्यापर्यंत येऊन पोचला. खाली बाकावर आमच्या सोसायटीचे ज्येष्ठ नागरिक. सगळे माझ्याहून लहान. बोलणं एकच — कुणाला कुठली गोळी वाढली.

आणि ती मोळी घेऊन उतरते!

५ नोव्हेंबर

ठरलं. मी आंबडमाळला जाणार. राहायला.

८ नोव्हेंबर, शनिवार

घरात वादळ. रत्नदीप एवढा कधी चिडत नाही.

"आई, तिथं रेंज नाही, दवाखाना नाही!"

"तिथला दवाखाना मीच होते रे."

मग म्हणाला, हे फॅड आहे, हल्ली सगळीकडे चाललंय, कुठल्याशा बेटावरचे लोक शंभर वर्षं जगतात, त्यांचं काय ते पेय विकायला येतं बाजारात. मी म्हटलं, मला पेय नको, मला कोंडाबाईशेजारी बसून जेवायचंय. ती काय खाते, कधी खाते, किती खाते, दिवसभर काय करते — ते सगळं जसंच्या तसं करायचंय. नुसतं ऐकून काय कळतं?

तृप्ती मध्ये पडली. "जाऊ द्या हो त्यांना. किती महिन्यांनी चेहऱ्यावर रंग आलाय." तिनंच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर हसले म्हणे, पण नाही म्हणाले नाहीत. अट एकच : गोळ्या बंद करायच्या नाहीत, साखर मोजायचं यंत्र बरोबर ठेवायचं, आणि घेरी आली तर लगेच गूळ खायचा. म्हटलं, डॉक्टर, हे मी लोकांना सांगत निवृत्त झाले!

१२ नोव्हेंबर, बुधवार. आंबडमाळ

पोचले! पोचले!!

कोंडाबाईचा नातू सुनील चांद्याला राहतो, हिंजवडीच्या कंपन्यांना गाडी चालवतो. त्यानं रस्ता संपतो तिथपर्यंत सोडलं. गोरागोमटा, गुबगुबीत, चाळिशीचा. चढाकडं मान करून म्हणाला, "आजी, वर न्यायला बुधाआजा येतोय. माझ्यानं हे चढणं होत न्हाई आता."

बुधा म्हणजे कोंडाबाईचा धाकटा दीर. धाकटा! पंच्याऐंशी तरी असेल. आला, माझी बॅग डोक्यावर ठेवली आणि विडी ओढत चालायला लागला. मी दर वळणावर बसत होते. तोही थांबायचा, पण बसायचा नाही. "दम खा, शिस्टर. डोंगूर कुटं पळत न्हाई." वर पोचले तेव्हा पाय कुणा दुसऱ्याचे वाटत होते. कोंडाबाई अंगण सारवत होती, उकिडवी बसून. मला बघून हात न धुताच उठली — जमिनीला हात न टेकता उठली! मी खुर्चीतून उठताना तीनदा ‘आई गं’ म्हणते.

१३ नोव्हेंबर

सकाळी नाचणीची आंबील, ताक घालून, जेमतेम वाटीभर. मग सगळे रानात. नाचणीची कापणी उरकली, आता कणसं वाळवून झोडायचं काम आहे. उन्हं डोक्यावर आली की जेवण : नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, कारळ्याची चटणी, कांदा. भात आहे, स्वतःच्या खाचरातला, पण ताटात मूठभर. दिवस मावळायच्या आत दुसरं जेवण — आंबाडीची भाजी, भाकरी, कधी ओढ्यातल्या खेकड्यांचं कालवण. मग काही नाही. काहीच नाही! डबे उघडून बघितले मी. फरसाण नाही, बिस्कीट नाही. डबेच दोन.

आणि कुणी एकटं जेवत नाही. कोंडाबाईनं माझं ताट आपल्याला खेटून ठेवलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी खालच्या एका गावात मला पाणी वरून ओतून देत. ‘नर्सबाई हुशार हाय, पर...’ त्या ‘पर’नंतर कुणी काही बोलायचं नाही. त्याच वर्षी मी इथं आले, आणि हिनं मला आपल्या ताटात जेवायला घेतलं होतं. तेव्हा तिला काही विचारलं नाही, आजही नाही विचारलं. फक्त जरा जास्त जेवले.

ती मात्र कमी जेवली. म्हटलं, पोट भरलं का? "भरंल येवडं खायाचं नस्तं. मग चालणार कसं?"

१६ नोव्हेंबर, रविवार

साखरेच्या चहासाठी जीव तळमळतोय! डोकं दुखतंय. सगळ्यांवर चिडचिड. दुपारी कोंडाबाई रानात होती, मी चुलीमागचा गुळाचा खडा तोडला आणि तोंडात टाकला. तेवढ्यात ती दारात!

"घेरी आली व्हय गं?"

खोटं बोलवेना. "न्हाई. चोरला."

हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. बुधाला हाक मारून सांगितलं, तो शेजारच्या गंगूबाईला सांगून आला. संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीला कळलं की शिस्टर गूळ चोरती. बहात्तराव्या वर्षी चोर झाले! पण एवढं हसलं गेलं की डोकेदुखी गेली. खरंच गेली.

१९ नोव्हेंबर

नुसतं बसून खाणं नाही मिळत इथं. मला काम लागलं : झोडलेली नाचणी पाखडायची, खडे काढायचे. मांडी घालून बसता येत नव्हतं, आज घातली. अर्धवट, पण घातली. पाठीला रग लागली तरी उठावंसं वाटेना, कारण माझं सूप रिकामं होईतो गंगूबाईचं दळण अडतं. गिरणी खाली रस्त्याला आहे आणि गंगूबाई थांबली आहे. माझ्यासाठी!

भूगावात माझ्यावाचून कुणाचं काय अडतं? लाडक्या वस्तूसारखी ठेवलीय मला. चूक त्यांची नाही. ‘आई, तुम्ही बसा’ — प्रेमानंच म्हणतात. पण बसून बसूनच तर हे झालं.

माझी साखर आज थोडी खाली. थोडीच. कुणाला सांगत नाही अजून.

२३ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस सोन्याचा!

वाडीतल्या म्हाताऱ्यांची साखर तपासायची ठरवलं. कोंडाबाईच्या अंगणात रांग. सगळ्यांना वाटलं पुन्हा लसच आहे. बुधानं दंड पुढे केला, मी म्हटलं, बोट दे. सत्तरीच्या पुढचे जेवढे होते तेवढे सगळे आले, काठी टेकत फक्त एकजण. आणि रक्त बघत गेले तशी मी वेडी व्हायची बाकी राहिले. कोंडाबाई — विशीतल्या पोरीसारखी! गंगूबाई, तशीच. बुधा, तसाच. एका हैबतरावांची थोडी जास्त, ते नोकरीला मुंबईत होते म्हणे, निवृत्तीनंतर परत आले. यंत्र बिघडलंय की काय म्हणून स्वतःचं बोट टोचलं. छे! माझी साखर बरोबर माझ्यासारखीच आली.

रक्तदाबाचं यंत्रही काढलं. कोंडाबाईचा बघून तिच्या गळ्यात पडले. ती म्हणे, "काय झालं गं? मरतीया का मी?"

"न्हाई गं बाई, तू मरतच न्हाईस!"

"मराया सवड कुटं हाय?" म्हणाली आणि गुरांकडे गेली.

२४ नोव्हेंबर

काल फार हुरळले. आज जरा शांतपणे.

बुधा विड्या ओढतो. म्हणजे सगळंच काही यांचं चांगलं नाही. आणि मी विसरले कशी? या वाडीतली किती बाळं मी माझ्या हातांनी गुंडाळून दिलीत. गोवराची साथ, जुलाबाची साथ. कोंडाबाईची स्वतःची निम्मी लेकरं गेली. तिला सकाळी म्हटलं, तुम्ही लोक खूप जगता. तिनं भाकरी उलटली, मग म्हणाली, "ज्ये ऱ्हायले ते जगले, शिस्टर. गेलेले कोण मोजतंय?"

खरं आहे तिचं. पण माझंही खरं आहे. लहानपणी मरणं थांबलं ते लसीनं, स्वच्छ पाण्यानं, सलाइननं. ते काम आम्ही केलं, पायाला फोड येईतो केलं, आणि त्याचा मला अभिमान आहे. म्हातारपणी झिजून झिजून मरणं मात्र यांच्याकडं नाही, ते आमच्याकडं आहे. दोन्हीकडचं चांगलं एकत्र केलं तर? लस आमची, भाकरी यांची!

मग वाटलं, रक्ताचाच गुण असेल तर? यांची हाडंच चिवट असतील, तर मी कितीही नाचणी खाल्ली तरी काय उपयोग? दिवसभर हा किडा डोक्यात.

३० नोव्हेंबर, रविवार

किड्याचं उत्तर मिळालं, आणि ते मिळायला नको होतं.

सुनीलला आजीनं निरोप धाडून धाडून वर बोलावलं. दम खात खात आला, घामानं डबडबलेला. हातात पिशवी : बिस्किटं, वेफर, थंड पेयाची मोठी बाटली. आजीनं पिशवी तशीच खुंटीला टांगली. मी थट्टेत म्हटलं, दे रे बोट. दिलं त्यानं.

दोनदा मोजलं. माझ्याहून जास्त.

"सुनील, लघवीला फार जावं लागतं का? तहान लागते?"

"व्हय. गाडीत बाटलीच ठेवतो की दोन." हसला. मग माझं तोंड बघून हसायचा थांबला. "काय हाय वो आजी? लई हाय का?"

रक्त एकच! कोंडाबाईचं आणि याचं रक्त एकच, हाडं एकच. हा चांद्याला उतरला, गाडीत बसला, रात्रपाळी, वडापाव, पॅकेट. ती इथंच राहिली. फरक आहे तो एवढाच. नव्वदीच्या आजीला नाही ते चाळिशीच्या नातवाला. मला पाहिजे होता तो पुरावा समोर बसला होता, आणि त्याच्या डोळ्यांत भीती होती.

कोंडाबाईनं विचारलं, "बरा हुईल का?" तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. म्हटलं, होईल. वेळेवर कळलंय. औषध घ्यायचं, आणि तुझ्या हातचं खायचं. सुनीलला उद्याच पौडला डॉक्टरकडे जायला लावलं, चिठ्ठी लिहून दिली. नोकरी सोडून वर राहणं त्याला जमणार नाही, घर त्याच्यावर आहे. तेव्हा ठरलं असं की आजी आठवड्याची भाकरीची पिठं, कुळीथ, चटणी खाली देणार, आणि तो आठवड्यातून एकदा तरी चढून वर येणार. "गाडी हितवर येत न्हाई तेच बरं हाय," म्हणाली म्हातारी.

६ डिसेंबर, शनिवार

दर वर्षी आजच्या दिवशी विहारात असते. आज इथंच, उगवत्या उन्हाकडे तोंड करून पंचशील म्हटलं. कोंडाबाई शेजारी येऊन बसली, शेवटपर्यंत. विचारलं, काय म्हनत व्हतीस? अर्थ सांगितला. नशेचं शील ऐकल्यावर तिनं बुधाला मोठ्यानं हाक मारली — "ऐक रं, तुझंच नाव घेत्यात!"

१० डिसेंबर

करांदे! विसरलेच होते चव. हे कंद बुधानं रानातून खणून आणले, राखेत भाजले. कडसर, पिठूळ. मिठाबरोबर खाल्ले.

आज ओढ्यापर्यंत गेले आणि परत आले. मध्ये बसले नाही. साडी काष्ट्यासारखी खोचली होती. रत्नदीपनं बघितलं असतं तर!

१४ डिसेंबर, रविवार

सुनील चढून आला. आजीनं वरून हाका मारल्या — "बसू नगंस, बसू नगंस!" बसलाच दोनदा. पण मागच्या वेळी किती बसला होता! गोळ्या सुरू आहेत. थंड पेय सोडलं म्हणतो. बायको पल्लवी म्हणते म्हणे, आता घोरत नाही.

मीही उद्या खाली जाणार. तपासणीला.

१७ डिसेंबर, बुधवार. भूगाव

खाली आली! साखर खाली आली!

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. चष्मा काढला. "आजी, काय केलंत?"

"पाखडलं," म्हटलं. "नाचणी पाखडली."

इन्सुलिन लांबणीवर! एक गोळीही कमी केली. वजन उतरलं, दाब सुधारला. म्हणाले, हे टिकवा, घाईनं काही सोडू नका, पण हे असंच चालू ठेवा. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी शिटी वाजवायचा प्रयत्न केला. वाजली नाही, हवाच आली. तृप्ती रस्त्यात थांबून हसत सुटली, मग मला घट्ट धरलं.

संध्याकाळी रत्नदीप आला ऑफिसातून. रिपोर्ट दिला हातात. "मानलं बाई तुला." पाया पडला चक्क! डोक्यावर हात ठेवला तर केस पांढरे व्हायला लागलेत कडेनं. माझं पोर. मांडी घालून त्याच्यासमोर जमिनीवर बसून दाखवलं, उठूनही दाखवलं. टाळ्या वाजवल्या दोघांनी.

१८ डिसेंबर

बाकावर जाऊन बसले आणि सगळ्यांना सगळं सांगितलं. जनार्दनकाका म्हणाले, नाचणी मॉलमध्ये मिळते की! म्हटलं, मिळते, पण मॉलमध्ये चढ मिळत नाही. उद्यापासून सकाळी चालायला निघणार आम्ही. लिफ्ट बंद, निदान उतरताना.

२१ डिसेंबर, रविवार

पहिल्या दिवशी चालायला चौघं होतो, आज बाकाचा बाकच रिकामा! जनार्दनकाकांनी बिस्किटं सोडली. त्यांच्या बायकोनं माझ्यासाठी निरोप पाठवला — आभार, पण आता ते घरभर भूक भूक करत फिरतात त्याचं काय करू? सांगितलं, कामाला लावा. भांडी घासू देत.

सगळं साधं आहे. हेच तर मला आवरत नाही, की इतकं साधं आहे! दिवस मावळायच्या आत जेवा. पोट थोडं रिकामं ठेवा. जमिनीवर बसा, उठा. कुणाबरोबर तरी जेवा. कुणाच्या तरी उपयोगी पडा. हे विकता येत नाही म्हणून कुणी सांगत नाही.

२८ डिसेंबर, रविवार. आंबडमाळ

परत वर. राहवेना. या वेळी वाटेत बसले, पण कोंडाबाईची जागा बघायला म्हणून — ती जिथं विसावते तो दगड. इथून धरणाचं सगळं पाणी दिसतं. ती कधी कधी बसते तर!

मला बघून म्हणाली, "आलीस व्हय? बरं झालं. वालाच्या शेंगा सोलायच्यात."

४ जानेवारी, रविवार

नव्या वर्षाचा बेत ठरवला. पौडच्या आरोग्य केंद्रातल्या बाईंशी बोलायचं. खाली उतरलेल्या पोरांची — चांदे, नांदे, हिंजवडीकडं गाड्या चालवणाऱ्या, पहाऱ्यावर बसणाऱ्या — तपासणी करायची. सुनीलसारखे किती असतील, ज्यांना ठाऊकच नाही! पोरांना आजी-आज्यांच्या ताटाशी परत आणायचं. कोंडाबाई म्हणते, मी बी येती, तू सुई लाव, मी शिव्या देती. अशी जोडी आमची आधीही होती. पुन्हा नोकरीला लागल्यासारखं वाटतंय! झोप येत नाही एवढा आनंद.

८ जानेवारी, गुरुवार

दवाखान्यातल्या बाकावर लिहिते आहे. हात थांबत नाही म्हणून.

दुपारी आम्ही शेंगा सोलत होतो. सुनील आला. धावत आला. तो, जो वळणावळणाला बसतो, तो न बसता आला. कोंडाबाईनं पाणी पुढे केलं, त्यानं हातानं सारलं. "शिस्टर आजी, चला. तृप्तीताईंचा फोन आलावता. रत्नदीपदादाला हाफिसात..." आणि छातीवर हात ठेवला.

पंचेचाळीस वर्षांचा. कुठली विडी नाही, दारू नाही. मीटिंगमधून उठला, म्हणाला जळजळ होते आहे, आणि दारातच बसला. बरोबरच्यांनी वेळ दवडला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची एक नळी पूर्ण बंद होती, उघडली. साखरही सापडली, केव्हापासूनची कोण जाणे. त्याला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. कधी मोजलीच नाही.

तृप्ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली आहे. काचेतून त्याचे पाय दिसतात.

अख्खा डोंगर उतरले मघाशी. कुठंही थांबले नाही. हे आत्ता लक्षात येतंय.

१२ जानेवारी, सोमवार

धोका टळला. आज घरी सोडलं.

वॉर्डमधला माणूस चाकाची खुर्ची घेऊन आला, सरळ माझ्यासमोर आणली. "बसा आजी, सावकाश." मी म्हटलं, पेशंट मी नाही, तो. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा रत्नदीपकडं. रत्नदीप बसला, मान खाली.

ढकलायला तो माणूस पुढे झाला. मी त्याला बाजूला केलं. गाडीपर्यंत मीच नेली.